कॅमेऱ्यात -१२, टाइमलाइनवर -१५: आवाजाची लेव्हल जुळवायची कशी

व्हिडिओ एडिटिंग नव्याने शिकणाऱ्यांना एक प्रश्न हमखास पडतो. शूट करताना कॅमेऱ्याच्या मीटरवर बोलणाऱ्याचा आवाज -१२ डीबीच्या (डेसिबल, आवाज मोजण्याचं एकक) आसपास खेळत होता. तीच क्लिप एडिटिंग सॉफ्टवेअरच्या टाइमलाइनवर, म्हणजे क्लिप क्रमाने मांडायच्या पट्टीवर, टाकली तर सॉफ्टवेअरचं मीटर -१५ दाखवतं, एखाद्याकडे -१८ दिसतं, कुणाकडे चक्क -६. मग खरं कोणाचं धरायचं, कॅमेऱ्याचं की सॉफ्टवेअरचं?

बहुतेक वेळा दोघांचंही. फाइलमध्ये आवाज एकाच लेव्हलला लिहिलेला असतो आणि कार्डावरून कॉम्प्युटरवर कॉपी करताना तो बदलत नाही. फरक पडतो तो मोजण्याच्या पद्धतीत, किंवा क्लिप टाइमलाइनवरून मास्टर मीटरपर्यंत, म्हणजे सगळ्या ट्रॅकचा एकत्र आवाज दाखवणाऱ्या मीटरपर्यंत, जाताना. अशा जागा मोजक्याच आहेत आणि एका साध्या टोनच्या, म्हणजे एकाच सुरात एकाच लेव्हलला वाजणाऱ्या सलग आवाजाच्या, मदतीने त्या शोधता येतात. अंदाजाने फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी) वरखाली करत बसण्यापेक्षा अर्धा तास काढून ही तपासणी एकदा करा. आपल्या मीटरवर विश्वास बसला की पुढचं सगळं काम हलकं होतं.

आधी शून्य म्हणजे काय ते समजून घ्या

डिजिटल आवाजाच्या पट्टीवर शून्य सगळ्यात वर असतं. तिथून खाली सगळे आकडे उणे. या पट्टीला डीबीएफएस म्हणतात. शून्याच्या वर लिहायला नेहमीच्या फाइलमध्ये जागाच नसते, त्यामुळे त्यापेक्षा मोठा आवाज आला की लाटेचा माथा सपाट कापला जातो आणि आपण म्हणतो, आवाज फाटला. फाटलेला आवाज नंतर कमी केला तरी फाटलेलाच राहतो. साधारण ६ डीबीने खाली आलं की लाटेची उंची निम्मी होते. म्हणजे -६ ला लाट कमाल उंचीच्या अर्धी, -१२ ला पाव.

कॅमेऱ्याची मीटरं बहुधा हीच पट्टी दाखवतात. कॅननच्या अनेक कॅमेऱ्यांत मीटरवर ४०, १२ आणि ० अशा खुणा असतात. सगळ्यात मोठ्या आवाजाला मीटर अधूनमधून १२ च्या उजवीकडे जावं, शून्याला मात्र लागू नये, असं त्यांच्या माहितीपुस्तिकाच सांगतात. सोनीच्या अल्फा कॅमेऱ्यांत रेकॉर्डिंग लेव्हल मेन्यूमध्ये ० ते ३१ अशा पायऱ्यांनी बदलते. त्या पायऱ्या म्हणजे डीबी नव्हेत, त्यामुळे मेन्यूतला आकडा सोडून मीटरकडे पाहा.

कार्यक्रमातले साउंडवाले वापरतात त्या मिक्सरवरचं शून्य मात्र पूर्ण वेगळं. जुन्या काट्याच्या व्हीयू मीटरची पद्धत १९३९ पासूनची आहे. त्यातलं शून्य म्हणजे 'इथे नेहमीचं काम करा' अशी खूण, आणि तिच्या वर बरीच मोकळी जागा राखलेली असते. अमेरिकी प्रसारणाच्या रिवाजात व्हीयूचं हे शून्य डिजिटल पट्टीवर -२० ला बसवतात. युरोपात ० डीबीयू ही विद्युत पातळी -१८ ला धरतात. म्हणून साउंडवाल्याच्या मिक्सरवर शून्य दिसतंय म्हणून कॅमेऱ्याचं मीटरही शून्यावर नेलं, तर पहिल्याच जोरकस वाक्याला आवाज फाटेल. मिक्सरवर शून्य असताना कॅमेऱ्यावर -२० किंवा -१८ दिसत असेल तर लेव्हल जुळलेलीच आहे.

पहिली पायरी: सॉफ्टवेअर तपासा

कॅमेरा बाजूला ठेवा. ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर उघडा, प्रोजेक्टचा सॅम्पल रेट ४८,००० हर्ट्झ करा, कारण व्हिडिओच्या कामात तोच चालतो. जनरेट मेन्यूत जाऊन टोन निवडा. साइन वेव्ह, फ्रिक्वेन्सी १००० हर्ट्झ, अ‍ॅम्प्लिट्यूड ०.२५, कालावधी ३० सेकंद. पाव उंचीची लाट, म्हणजे बरोबर -१२ डीबी. तीच प्रक्रिया ०.१ अ‍ॅम्प्लिट्यूड घेऊन केली तर -२० चा टोन मिळतो, तोही करून ठेवा. प्रत्येक टोनची एक मोनो (एकाच चॅनेलची) आणि एक स्टिरिओ (डावं-उजवं अशा दोन चॅनेलची) अशा वेव्ह फाइल एक्स्पोर्ट करा.

आता या फाइल तुमच्या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये, ज्या सेटिंगवर तुम्ही नेहमी काम करता त्याच सेटिंगच्या टाइमलाइनवर टाका. ट्रॅकचे आणि मास्टरचे सगळे फेडर शून्यावर, कुठलाही इफेक्ट नाही. कॉम्प्युटरचा स्पीकर लहानमोठा केल्याने मीटर हलत नाही, हेही याच वेळी डोळ्यांनी पाहून घ्या. अनेक जण स्पीकर कमी असतो म्हणून क्लिप वाढवतात आणि मग सगळी गणितं बिघडतात.

स्टिरिओ टोन मास्टरवर -१२ दाखवायला हवा. दाखवत असेल तर सॉफ्टवेअर निर्दोष. आता मोनो टोन वाजवा. इथे अनेकांना पहिलं उत्तर सापडतं.

३ डीबी कुठे गेले?

प्रीमियर प्रो या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये मोनो क्लिप नेहमीच्या ट्रॅकवर टाकली की मास्टरवर -१२ ऐवजी -१५ दिसतं. हा बिघाड नाही. एकच आवाज डाव्या आणि उजव्या अशा दोन्ही स्पीकरमधून वाजला तर खोलीत तो एका स्पीकरपेक्षा मोठा वाटतो. ते भरून काढण्यासाठी मध्यभागी ठेवलेला मोनो आवाज दोन्ही बाजूंना ३ डीबीने कमी करून पाठवतात. मिक्सिंगवाले याला पॅन लॉ म्हणतात. प्रत्येक सॉफ्टवेअर हे सारखं करत नाही, म्हणूनच टोन आपल्या सॉफ्टवेअरमध्ये स्वतः तपासायचा.

मुलाखतींचं काम बहुतेक कॉलर माइकवर, म्हणजे मोनोवर चालतं. त्यामुळे हा फरक रोज भेटतो. प्रीमियरमध्ये तो नको असेल तर क्लिप टाइमलाइनवर नेण्याआधी, बिनमध्ये (आणलेल्या क्लिपच्या यादीत) असतानाच, मॉडिफाय मेन्यूतल्या ऑडिओ चॅनेल्समध्ये जा. क्लिप स्टिरिओ म्हणून घ्या आणि डाव्या-उजव्या दोन्ही जागांवर तेच एक चॅनेल लावा. आधीच टाइमलाइनवर टाकलेल्या तुकड्यांना हा बदल लागत नाही, म्हणून एडिट सुरू करण्यापूर्वीच करा. माझं मत विचाराल तर फरक तसाच राहू दिला तरी चालेल. तो कशामुळे आहे हे माहीत असलं म्हणजे झालं. अडचण तेव्हा येते, जेव्हा एका कॅमेऱ्याचा आवाज मोनो आणि दुसऱ्याचा स्टिरिओ म्हणून आत आलेला असतो आणि दोन सारख्या लेव्हलच्या क्लिप शेजारी शेजारी ३ डीबीने वेगळ्या वाजतात.

३ डीबीचं आणखी एक कारण असू शकतं. काही मीटरं लाटेचं टोक, म्हणजे पीक दाखवतात, काही तिची सरासरी ताकद, म्हणजे आरएमएस. साइन लाटेची आरएमएस पातळी तिच्या पीकपेक्षा ३ डीबीने कमी असते. ऑडॅसिटीच्या मीटरमध्ये दोन्ही एकाच पट्टीवर वेगळ्या छटांत दिसतात. तुमचा फरक पॅनचा की मोजणीचा, हे ओळखायला प्रीमियरमध्ये क्लिप निवडून जी ही कळ दाबा. उघडणाऱ्या ऑडिओ गेनच्या (गेन म्हणजे आवाज वाढवण्या-घटवण्याचं प्रमाण) चौकटीत खाली क्लिपचा स्वतःचा पीक लिहिलेला असतो. तो ट्रॅक, पॅन, फेडर या सगळ्यांच्या आधीचा. तिथे -१२ असेल तर फाइल बरोबर आहे आणि फरक पुढे पडतोय.

दुसरी पायरी: कॅमेरा तपासा

कॅमेऱ्याचं ऑडिओ रेकॉर्डिंग मॅन्युअलवर घ्या. विंड फिल्टर, अ‍ॅटेन्युएटर, लिमिटर असं आवाज आपोआप कमी करणारं जे काही चालू असेल ते या तपासणीपुरतं बंद करा. प्रोफेशनल कॅमकॉर्डरमध्ये कलर बारसोबत १००० हर्ट्झचा टोन देण्याची सोय असते. ती असेल तर बार आणि टोन अर्धा मिनिट रेकॉर्ड करा, काम सोपं झालं. नसेल तर मोबाइलवर आपणच बनवलेला टोन लावा, मोबाइल माइकसमोर एका जागी टेकवून ठेवा आणि कॅमेऱ्याचा गेन असा लावा की मीटर -१२ वर स्थिर राहील. मोबाइल हातात धरू नका. हात थोडा जरी हलला तरी एका सुराच्या टोनची लेव्हल लगेच बदलते.

तीसेक सेकंद रेकॉर्ड करून फाइल कॉम्प्युटरवर घ्या आणि क्लिपचा पीक पाहा. कॅमेऱ्याचं मीटर मोजक्या चौकोनांचं असतं, त्यामुळे एक-दोन डीबीचा फरक धरूच नका. त्याहून जास्त आणि दर वेळी तेवढाच फरक दिसला तर तो कागदावर लिहून कॅमेऱ्याच्या बॅगेत ठेवा. 'या कॅमेऱ्यात -१२ म्हणजे टाइमलाइनवर -१४' एवढी नोंद पुरते.

फरक दर वेळी वेगळा येत असेल तर बहुधा ऑटो गेन, म्हणजे लेव्हल आपोआप बदलणारी सोय, कुठेतरी चालू राहिला आहे. वायरलेस माइक वापरत असाल तर तो ट्रान्समीटरमध्ये किंवा रिसीव्हरमध्येही असू शकतो. वायरलेस सेटमध्ये ट्रान्समीटरचा गेन, रिसीव्हरची आउटपुट लेव्हल आणि कॅमेऱ्याचा गेन अशा तीन जागी लेव्हल बदलते. तिन्ही नोंदवल्याशिवाय तपासणीला अर्थ नाही.

आवाज एकाच बाजूला येत असेल तर माइक एकाच चॅनेलला लागला आहे. तो डावीकडे असेल तर प्रीमियरमध्ये 'फिल राइट विथ लेफ्ट' हा इफेक्ट लावा. डाविंची रिझॉल्व्हमध्ये क्लिप अ‍ॅट्रिब्यूट्सच्या ऑडिओ विभागात जाऊन क्लिप मोनो करा आणि आवाज असलेलं चॅनेल निवडा. आणि ६ डीबीची वाढ दिसली तर समजा की एकच आवाज असलेली दोन चॅनेलं कुठेतरी एकमेकांत मिळवली जात आहेत. दोन अगदी सारख्या लाटांची बेरीज म्हणजे दुप्पट उंची.

शूटिंगच्या वेळी किती ठेवायचं

मुलाखतीला बसलेल्या माणसाला 'हॅलो, वन टू थ्री' म्हणायला लावून लेव्हल ठरवू नका. त्याला सकाळपासून काय काय केलं ते सांगायला सांगा. माणूस रंगात आला की आवाज चढतो, ती जागा आधीच राखून ठेवायची. नेहमीच्या बोलण्याचे पीक -१८ ते -१२ दरम्यान, आणि हसताना किंवा मोठ्याने बोलताना -६ च्या आत. वर जागा मोकळी राहिली म्हणून काही वाया जात नाही, टाइमलाइनवर गेन वाढवता येतो.

फक्त एक लक्षात ठेवा. टाइमलाइनवर १० डीबी वाढवले की मागची खरखरही १० डीबीने वाढते. ती खरखर बऱ्याचदा माइकचा बारीक आवाज मोठा करणाऱ्या, कॅमेऱ्याच्या माइक प्रीअ‍ॅम्पची असते, म्हणून आवाज मिळवायचा तो कॅमेऱ्याच्या आधी, माइकपाशी मिळवावा. माइक बोलणाऱ्याच्या जवळ न्या. रोडच्या व्हिडिओमाइक प्रोसारख्या माइकवर अधिक २० डीबीचं बटण असतं. ते चालू करून कॅमेऱ्याचा गेन खाली आणला की कॅमेऱ्याच्या प्रीअ‍ॅम्पला कमी राबावं लागतं आणि खरखर कमी होते.

ऑटो गेनबद्दल मी ठाम आहे, तो बंदच ठेवा. बोलणं थांबलं की ऑटो गेन शांततेलाच आवाज समजून वर खेचतो आणि पंख्याची घरघर हळूहळू फुगत येते. पुढचं वाक्य सुरू झालं की ती धप्पकन बसते. अशी प्रत्येक वाक्यामागे बदलणारी लेव्हल टाइमलाइनवर सरळ करणं अतिशय वेळखाऊ असतं.

एकट्याने शूट करताना मीटरवर सतत लक्ष ठेवता येत नाही. त्यासाठी दोन चॅनेलचा उपाय उत्तम. एकच माइक दोन्ही चॅनेलला द्यायचा, दुसऱ्या चॅनेलचा गेन पहिल्यापेक्षा १० ते २० डीबीने खाली ठेवायचा. पहिलं फाटलं तर तेवढ्यापुरतं दुसरं वापरायचं. रोडच्या वायरलेस गो २ मध्ये ही सोय सेफ्टी चॅनेल नावाने आहे, त्यात दुसरी प्रत २० डीबीने खाली लिहिली जाते. पण या क्लिप एडिटिंगला घेताना स्टिरिओ म्हणून घेऊ नका, नाहीतर आवाज एका बाजूला झुकलेला ऐकू येईल. दोन्ही चॅनेलं मोनो म्हणून वेगळी करा आणि एक म्यूट ठेवा.

कीर्तनाच्या मंडपात: मिक्सरमधून आवाज घेताना

गावचा सप्ताह, कीर्तन, नाटक किंवा सभा शूट करताना साउंडवाल्यांच्या मिक्सरमधून थेट आवाज घेण्याची इच्छा होते, आणि ती योग्यच आहे. कॅमेऱ्यावरच्या माइकला मंडपाचा घुमारा आणि लोकांची कुजबुज जास्त ऐकू येते. पण लेव्हलच्या सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

मिक्सरमधून बाहेर येतो तो लाइन लेव्हलचा आवाज. प्रोफेशनल मिक्सरचा +४ डीबीयू, म्हणजे सुमारे १.२३ व्होल्ट. आरसीए सॉकेटच्या रेकॉर्ड आउटला -१० डीबीव्ही, म्हणजे ०.३ व्होल्टच्या आसपास. माइकचा आवाज असतो काही मिलिव्होल्टचा. कॅमेऱ्याचं छोटं ३.५ एमएमचं भोक या मिलिव्होल्टसाठी बनवलेलं असतं. त्यात लाइन लेव्हल घातली तर गेन सगळ्यात खाली आणूनही आवाज फाटलेला येऊ शकतो.

मीटर इथे हमखास फसवतं. गेन खाली आणल्यावर ते -१० दाखवतं, सगळं ठीक वाटतं, पण आवाज आधीच्याच टप्प्यावर, प्रीअ‍ॅम्पच्या तोंडाशी कापला गेलेला असतो. टाइमलाइनवर लाट मोठी करून पाहा. माथे शून्याला लागलेले नसतानाही एकाच उंचीवर सपाट कापलेले दिसले, तर दोष मिक्सर आणि कॅमेरा यांच्या जोडणीत आहे. शूटच्या वेळी हे कळण्याचा उपाय एकच, कॅमेऱ्याला हेडफोन लावून ऐकणं. आणि कॅमेऱ्यातला हेडफोनचा आवाज कमी-जास्त केल्याने रेकॉर्डिंग बदलत नाही, हेही ध्यानात असू द्या.

मधे २० ते ४० डीबी कमी करणारा पॅड किंवा अ‍ॅटेन्युएटर केबल लावली की हा प्रश्न सुटतो. एक्सएलआर (तीन पिनांच्या) इनपुटच्या कॅमकॉर्डरमध्ये लाइन, माइक आणि माइक +४८ व्होल्ट असा स्विच असतो. तो लाइनवर न्या. साउंडवाल्यांकडून मिक्सरचं एक मोकळं ऑक्स (वेगळी लेव्हल ठेवता येणारं जादा आउटपुट) किंवा रेकॉर्ड आउट मागा, मेन आउट मागू नका. मेन फेडर कार्यक्रमभर वरखाली होतो आणि तुमची लेव्हल त्याच्याबरोबर हलत राहते.

केबलचीही एक गोष्ट. मिक्सरच्या एक्सएलआरमध्ये एकच आवाज दोन तारांवर जातो, एकीवर सरळ आणि दुसरीवर उलटा. साधी एक्सएलआर ते स्टिरिओ मिनी पिन केबल लावली तर सरळ आवाज डाव्या चॅनेलला आणि उलटा उजव्या चॅनेलला बसतो. हेडफोनमध्ये आवाज पोकळ, डोक्याच्या बाहेर फेकल्यासारखा वाटतो, पण मीटर दोन्ही बाजूंना छान चालतं. मग कुणी तो व्हिडिओ एका स्पीकरच्या मोबाइलवर लावला की दोन्ही चॅनेलं मिळून एकमेकांना खोडतात आणि बुवांचा आवाजच नाहीसा होतो. असं फुटेज हाती आलं तर घाबरू नका. उजवं चॅनेल टाकून द्या, डावंच दोन्हीकडे भरा, आवाज पूर्ण परत येतो.

कीर्तनात निरूपण हळू असतं आणि गजराला पखवाज, टाळ, सगळे टाळकरी एकदम उठतात. लेव्हल ठरवायची ती गजरावर. गजराचे पीक -६ च्या खाली राहतील असा गेन लावा, निरूपण मग -२० च्या आसपास राहिलं तरी राहू द्या. ते टाइमलाइनवर उचलता येईल.

टाइमलाइनवर क्रम कसा ठेवायचा

आधी क्लिप गेन, मग इफेक्ट, मग ट्रॅकचा फेडर, सगळ्यात शेवटी मास्टर. कमी-जास्त आलेल्या क्लिप आधी गेनने एका पातळीवर आणा, फेडर शून्यावर ठेवा. रिझॉल्व्हमध्ये क्लिपवर राइट क्लिक करून 'नॉर्मलाइज ऑडिओ लेव्हल्स' आहे. तिथे पीकनुसार किंवा आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या लाउडनेस (कानाला आवाज किती मोठा वाटतो) मोजणीनुसार क्लिप जुळवता येतात.

बोलण्यासाठी लाउडनेसची पद्धत घ्या, पीकची नको. एका क्लिपमध्ये कुणी टाळी वाजवली असेल किंवा कप आपटला असेल तर पीकनुसार जुळवताना ती अख्खी क्लिप त्या एका टाळीच्या हिशोबाने खाली राहते. लाउडनेस एलयूएफएसमध्ये मोजतात. ही मोजणी कानाला आवाज कसा लागतो त्याचा विचार करते आणि लांबलचक शांतता हिशोबातून वगळते.

दोन कॅमेऱ्यांचा आवाज जुळवताना दोन्हीकडे रेकॉर्ड झालेलं एकच वाक्य घ्या, चांगल्या कॅमेऱ्याला प्रमाण माना आणि दुसऱ्याची लाउडनेस त्याच्याएवढी करा. तरीही दूरच्या कॅमेऱ्याचा आवाज वेगळा वाटला तर तो खोलीचा घुमारा आहे, लेव्हलने तो जाणार नाही. शक्य तिथे एकाच माइकचा आवाज सगळ्या कोनांना लावा. मागच्या संगीताचा ट्रॅक बोलण्यापेक्षा १५ ते २० डीबी खाली असला की शब्द झाकले जात नाहीत.

अपलोड करण्यापूर्वी

शेवटी पूर्ण टाइमलाइनची लाउडनेस मोजा. यूट्यूब साधारण -१४ एलयूएफएसपेक्षा मोठ्याने वाजणाऱ्या व्हिडिओचा आवाज खाली आणतं, हळू वाजणाऱ्याचा मात्र वर उचलत नाही. म्हणून त्याच्या जवळपास ठेवा. युरोपी प्रसारणाचं मानक -२३ आहे आणि अमेरिकी टीव्हीचं -२४. वाहिनीसाठी काम करत असाल तर त्यांची अट आधी विचारून घ्या. मास्टरवर लिमिटर लावून ट्रू पीक, म्हणजे लाटेचं खरं टोक, -१ च्या वर जाऊ देऊ नका, कारण एएसी या फाइल लहान करणाऱ्या पद्धतीत आवाज दाबला जाताना माथे किंचित वर उसळतात.

एक्स्पोर्ट झालेली फाइल नव्या टाइमलाइनवर आणून पुन्हा मोजा. स्टिरिओ म्हणूनच आणा, म्हणजे पॅन लॉचा घोळ मधे येणार नाही. यूट्यूबवर चढवल्यावर व्हिडिओवर राइट क्लिक करून 'स्टॅट्स फॉर नर्ड्स' उघडा. तिथे कंटेंट लाउडनेसपुढे अधिक ४ दिसलं तर यूट्यूबने तुमचा आवाज तेवढ्या डीबीने खाली आणला आहे, उणे ४ दिसलं तर तुमचा व्हिडिओ इतरांपेक्षा तेवढा हळू वाजणार आहे. पुढच्या व्हिडिओला मास्टरची लेव्हल तेवढ्या फरकाने बदला. आणि कॅमेरा, माइक किंवा सॉफ्टवेअरची आवृत्ती बदलली की टोनच्या फाइल काढून दोन्ही तपासण्या पुन्हा एकदा करा.